सापडलेलं सांगून ठेवावं

इंटरनेट अर्काइव्हवर जुन्या मराठी पुस्तकांच्या हजारो स्कॅन प्रती आहेत. त्यांतल्या बऱ्याचशा ‘डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया’ या प्रकल्पातून तिथे आल्या. कोश, चरित्रं, प्रवासवर्णनं, कधीच्या काळी छापलेली आणि आता दुकानात न मिळणारी पुस्तकं असा तो ऐवज आहे. पण शोधायला बसलं की पंचाईत होते. कितीतरी पुस्तकांची नावं रोमन लिपीत आणि अशा स्पेलिंगनं चढवलेली आहेत, की मराठी माणूस ती तशी कधी टाइप करणार नाही. स्वर दुप्पट केलेले, शब्द भलतीकडे तोडलेले, लेखकाचं नाव कुठे अर्धवट तर कुठे गायब. पत्त्यात पुस्तकाच्या नावाऐवजी २०१५ हे साल आणि त्यापुढे एक लांबलचक आकडा. देवनागरीत नाव टाकून शोधणाऱ्याला यातलं पुष्कळसं दिसतच नाही.

तरीही ही पुस्तकं वाचली जातात. कोणीतरी एकदा चिकाटीनं तिथवर पोचलेलं असतं आणि पोचल्यावर ती लिंक, पुस्तकाचं खरं नाव आणि दोन ओळींचं टिपण चारचौघांना दिसेल अशा जागी ठेवून गेलेलं असतं. त्याच्यामागून येणाऱ्यांचा शोध मग काही सेकंदांचा होतो. हे पुस्तक त्या ठेवून जाण्याबद्दल आहे.

सोशल बुकमार्किंग हे या सवयीचं रूढ नाव. वेबवर जे आवडलं, उपयोगी वाटलं, पुन्हा लागेलसं वाटलं, त्याची लिंक आपल्या ब्राउझरमध्ये बंद न करता एका सामायिक जागी ठेवायची; तिला आपल्या शब्दांत टॅग द्यायचे; जमलं तर ती का ठेवली हे लिहायचं; आणि हा संग्रह इतरांना पाहायला मोकळा ठेवायचा. वर्तमानपत्रांची कात्रणं वहीत चिकटवणारी माणसं आपल्याकडे घरोघरी होती. ही त्याच जातीची सवय. फक्त ही वही कपाटात राहत नाही आणि एकाच कात्रणावरचे शंभर जणांचे शेरे एकत्र वाचता येतात.

या कल्पनेचं मूळ वेबच्याही आधीचं आहे. जुलै १९४५च्या ‘द अटलांटिक मंथली’मध्ये व्हॅनेव्हार बुश या अमेरिकी अभियंत्याचा एक लेख छापून आला. युद्धकाळात अमेरिकेतलं शास्त्रीय संशोधन एकत्र बांधण्याचं काम त्यांच्याकडे होतं. ज्ञान इतकं वाढलंय की गरजेच्या वेळी हवं ते हाती लागत नाही, ही त्यांची चिंता होती. उपाय म्हणून त्यांनी ‘मेमेक्स’ नावाचं एक टेबल कल्पिलं. त्यात मायक्रोफिल्मवर सारी पुस्तकं, पत्रं, टिपणं साठवायची आणि वाचता वाचता एका पानाला दुसरं पान जोडत जायचं. बुश यांनी उदाहरण दिलं ते धर्मयुद्धांच्या काळातल्या तुर्की धनुष्याचं. एक अभ्यासक ते इंग्रजी धनुष्यापेक्षा सरस का ठरलं याचा माग काढतो आणि वाटेत लागलेली पानं जोडत जातो. काही वर्षांनी एका मित्राशी बोलताना विषय निघतो, तेव्हा ती सगळी वाट जशीच्या तशी उतरवून तो मित्राच्या मेमेक्ससाठी देऊन टाकतो. अशा वाटा पाडून देणाऱ्यांचा एक नवा पेशाच तयार होईल, असंही बुश यांनी लिहिलं होतं. हा शेवटचा भाग मला सगळ्यांत मोलाचा वाटतो. साठवण्याची सोय पुढे झालीच. तयार वाट दुसऱ्याच्या हाती देण्याची सोय व्हायला मात्र जवळजवळ साठ वर्षं गेली.

वेब आल्यावर ब्राउझरांनी बुकमार्कची सोय सुरुवातीलाच दिली, पण तो खासगी कप्पा होता आणि एकाच संगणकात अडकलेला. ऑफिसात ठेवलेलं घरी दिसत नसे. नव्वदच्या दशकात बुकमार्क ऑनलाइन ठेवू देणाऱ्या काही सेवा निघाल्या आणि बंदही पडल्या. खरं वळण आलं ते २००३ साली. जोशुआ शॅक्टर हा न्यूयॉर्कमधला तरुण मॉर्गन स्टॅन्ली या बँकेत काम करायचा आणि हौस म्हणून ‘मीमपूल’ नावाचं लिंकांचं संकेतस्थळ चालवायचा. जमलेल्या हजारो लिंका त्यानं एका साध्या टेक्स्ट फाइलमध्ये उतरवून ठेवल्या होत्या आणि प्रत्येकीपुढे # ही खूण करून एखाददुसरा शब्द लिहिला होता, पुढे शोधताना सोपं जावं म्हणून. या फाइलला त्यानं वेबवर आणलं, इतरांनाही आपापल्या फाइली तिथे ठेवू दिल्या आणि ‘डेलिशस’ उभं राहिलं.

डेलिशसचं पान दिसायला अगदी साधं होतं, पण त्याची रचना नीट पाहण्याजोगी आहे. ब्राउझरच्या वरच्या पट्टीवर एक छोटं बटण बसवायचं. एखादं पान आवडलं की ते दाबायचं. एक चौकट उघडे. तिच्यात पत्ता आणि शीर्षक आपोआप भरलेलं असे, खाली टिपणासाठी आणि टॅगसाठी जागा. जतन केलं की त्या लिंकखाली एक आकडा दिसे: आणखी किती जणांनी हेच पान ठेवलंय. आकड्यावर गेलं की ती माणसं, त्यांची टिपणं, त्यांचे टॅग समोर येत. त्यांतल्या एखाद्या नावावर गेलं की त्या माणसाचा सगळा संग्रह उघडे. जुन्या नकाशांचं एक पान आपल्याला सापडलं आणि तेच पान आणखी चारच जणांनी ठेवलं असेल, तर ती चार माणसं आपल्या कामाची आहेत हे सांगायला दुसरं कोणी लागत नसे. प्रत्येक टॅगची, प्रत्येक माणसाची स्वतंत्र फीड असे; ती घेतली की त्यांनी ठेवलेलं नवं काही आपल्यापर्यंत येत राही. एखादी लिंक मुद्दाम कोणाला दाखवायची असेल तर त्याच्या नावाचा टॅग लावला की पुरे.

टॅगांची गोष्ट थोडी सावकाश सांगायला हवी, कारण या सवयीचा प्राण तिथे आहे. ग्रंथालयात पुस्तकाला एक वर्गांक मिळतो आणि तो तज्ज्ञ ठरवतो. टॅग वाचणारा ठरवतो आणि हवे तेवढे लावतो. टॉमस व्हँडर वॉल यांनी २००४ साली या लोकनिर्मित वर्गीकरणाला ‘फोकसोनॉमी’ हे नाव दिलं. ज्याला जे सुचेल ते लिहू दिलं तर नुसता गोंधळ होईल, अशी शंका तेव्हा घेतली गेली. एचपी लॅब्जमधल्या स्कॉट गोल्डर आणि बर्नार्डो ह्युबरमन यांनी डेलिशसमधल्या नोंदी तपासल्या, तेव्हा वेगळंच चित्र दिसलं. एखादं पान शंभरेक जणांनी ठेवेपर्यंत त्यावरच्या टॅगांचं आपसातलं प्रमाण स्थिरावतं. त्यानंतर माणसं वाढली तरी ते फारसं हलत नाही. बहुतेक जण टॅग स्वतःच्या सोयीसाठी लावतात, असंही त्यांना आढळलं. ज्यानं त्यानं आपल्यापुरतं पाहिलं आणि त्यातून सगळ्यांच्या उपयोगाचं वर्णन तयार झालं. एवढ्यासाठी कोणाला बैठक घ्यावी लागली नाही.

आपल्याकडचं उदाहरण घेऊन पाहू. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश, १८५७ सालची दुसरी आवृत्ती, शिकागो विद्यापीठाच्या दक्षिण आशियाई कोशांच्या संकेतस्थळावर शोधता येईल अशा रूपात आहे. भाषांतरकार ती लिंक ठेवताना ‘शब्दकोश’ आणि ‘भाषांतर’ असे टॅग लावेल. ऐतिहासिक कादंबरी लिहिणारी ‘एकोणिसावं_शतक’ आणि ‘संवादांसाठी’ असं लिहील. कोणी ‘म्हणी’ लिहील, कारण मोल्सवर्थनं शब्दांबरोबर म्हणी आणि वाक्प्रचारही टिपलेत. शेतीच्या अवजारांवर काम करणारा ‘अवजारं’ लिहील. जुनी नावं तिथे सापडतात हे त्यानं अनुभवलेलं असतं. एखादी विद्यार्थिनी नुसतंच ‘परीक्षेनंतर_वाचायचं’ असं लिहील. हे सातही टॅग बरोबर आहेत. कोणत्याही ग्रंथालयाच्या सूचीत ते सातही एकत्र मिळणार नाहीत. ‘अवजारं’ हा टॅग चाळणाऱ्या तिऱ्हाइताला हा कोश त्या कामाचाही आहे, हे पहिल्यांदाच कळेल.

डिसेंबर २००५मध्ये याहूनं डेलिशस विकत घेतलं. २००८ संपेपर्यंत त्रेपन्न लाख सभासद आणि अठरा कोटी वेगवेगळ्या लिंका झाल्याचं सेवेकडून सांगितलं जात होतं. मग पडझड सुरू झाली. डिसेंबर २०१०मध्ये याहूच्या अंतर्गत बैठकीतली एक स्लाइड बाहेर फुटली. बंद करायच्या सेवांच्या यादीत डेलिशसचं नाव होतं. २०११मध्ये यूट्यूबच्या संस्थापकांच्या एव्हॉस या कंपनीनं ते घेतलं आणि सप्टेंबरात नव्यानं बांधून खुलं केलं. त्या नव्या बांधणीत जुन्या सभासदांच्या कितीतरी सोयी गेल्या. सगळ्यांत जास्त फटका बसला तो फॅन फिक्शन, म्हणजे आवडत्या पुस्तक-मालिकांवर चाहत्यांनी रचलेल्या कथा, वाचणाऱ्या-लिहिणाऱ्यांना. कथांतल्या पात्रांच्या जोड्या ते नावांमध्ये तिरकी रेघ घालून टॅग करत आणि आता ती रेघच चालेनाशी झाली. वर्षानुवर्षं लावलेल्या टॅगांची घडी एका रात्रीत विस्कटली.

पुढे जे झालं ते लक्षात ठेवण्यासारखं आहे. पिनबोर्ड ही बुकमार्किंगची छोटी सेवा माचेय त्सेग्वोव्स्की हा प्रोग्रामर २००९पासून चालवत होता. तुम्हाला नेमकं काय हवंय, असं त्यानं या चाहत्यांना विचारलं. त्यांनी एक सामायिक दस्तऐवज उघडला आणि सगळ्यांनी मिळून त्यात आपल्या गरजा लिहिल्या: नीट विभागलेल्या, एकमेकींशी ताडून पाहिलेल्या. तो दस्तऐवज पन्नासेक पानांचा झाला. ज्यांना आयुष्यभर सामायिक टॅग लावायची सवय होती, त्यांना एकत्र बसून काम करायचीही सवय लागली होती. २०१७मध्ये पस्तीस हजार डॉलरांना डेलिशस विकत घेतलं ते याच पिनबोर्डनं. नव्या नोंदी थांबवल्या आणि जुन्या वाचण्यापुरत्या राखायचं ठरवलं.

बाकीच्यांची गतही फारशी वेगळी झाली नाही. ‘मॅग्नोलिया’ या सेवेचा डेटाबेस जानेवारी २००९मध्ये बिघडला आणि राखीव प्रतही कामी आली नाही. ज्यांच्या नोंदी सार्वजनिक होत्या, त्यांना इतर संकेतस्थळांनी आधीच उचललेल्या प्रतींमधून काही ना काही परत मिळवता आलं. संशोधकांसाठीची ‘कनोटिया’ २०१३मध्ये आणि ‘साइटयूलाइक’ २०१९मध्ये थांबली. नंतर वाचायच्या लिंका साठवणारं ‘पॉकेट’ ८ जुलै २०२५ला बंद झालं. यातून एक साधा नियम निघतो: आपला संग्रह जिथून बाहेर काढता येत नसेल, तिथे तो ठेवू नये. बाहेर काढण्याची जी फाइल आजही क्रोम आणि फायरफॉक्स देतात, तिच्या पहिल्या ओळीत नेटस्केपचं नाव असतं. नेटस्केप २००८मध्ये संपलं, पण त्यानं पाडलेला साधा साचा सगळ्यांनी स्वीकारला म्हणून टिकला. महिन्यातून एकदा ती फाइल उतरवून घेतली, तर कोणतीही सेवा बंद पडली तरी आपलं काही अडत नाही.

सेवांप्रमाणे पानंही नाहीशी होतात. प्यू रिसर्च सेंटरनं २०२४मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत, २०१३ साली असलेल्या पानांपैकी ३८ टक्के पानं दहा वर्षांनी उघडत नव्हती. म्हणून मोलाची लिंक ठेवताना तिची प्रत वेबपानांच्या प्रती जपणाऱ्या ‘वेबॅक मशीन’ या सेवेवर जतन करून त्या प्रतीचा पत्ताही टिपणात लिहावा. मिनिटभराचं काम आहे आणि त्याचा फायदा आपल्याआधी दुसऱ्या कोणाला तरी होतो.

मग आज सापडलेलं सांगायचं काम कुठे होतं? आपल्याकडे बहुतांशी व्हॉट्सॲपवर. चांगली लिंक आली की आपण ती ग्रुपवर टाकतो, दोन अंगठे येतात आणि संध्याकाळपर्यंत शुभेच्छांच्या चित्रांखाली ती गाडली जाते. दोन वर्षांनी ग्रुपवर आलेल्याला ती कधीच दिसत नाही. पाठवण्यामागचा जिव्हाळा खरा असतो, याबद्दल मला शंका नाही. पण पाठवलेलं त्या दिवसापुरतं असतं. ठेवलेलं पुढे कधी कोणाला लागेल, हे ठेवणाऱ्यालाही ठाऊक नसतं. दोन्ही करायला हवं. आधी ठेवावं, मग पाठवावं.

मराठीत तर याची निकड जास्त आहे. मराठी शब्द वाक्यात रूप बदलतो: घर, घरात, घरांपासून. ऱ्हस्वदीर्घाचे पर्याय वेगळेच. युनिकोड रुळण्याआधी वेगवेगळ्या फाँटांत चढवलेला मजकूर आज रोमन अक्षरांचा चिखल होऊन समोर येतो. लिंकांचं रूपही आपल्या बाजूचं नाही. देवनागरी पत्त्याचं पान कॉपी केलं की ‘मराठी’ या एका शब्दाच्या जागी टक्क्याच्या खुणा, आकडे आणि रोमन अक्षरं मिळून पंचेचाळीस चिन्हांची माळ येते. तिच्याकडे पाहून आत काय आहे याचा पत्ता लागत नाही. अशा वेळी माणसानं देवनागरीत लिहिलेलं शीर्षक, दोन टॅग आणि एक वाक्य हीच त्या पानाची ओळख ठरते.

टॅग मराठीत लावताना काही गोष्टी आधी ठरवाव्या लागतात आणि त्या या पुस्तकात तपशिलानं आल्या आहेत. ‘ॲप’ या शब्दातलं पहिलं अक्षर दोन तऱ्हांनी टाइप होतं: एक म्हणजे २००८ साली युनिकोडमध्ये स्वतंत्र जागा मिळालेला ‘ॲ’ आणि दुसरं म्हणजे ‘अ’वर वेगळा अर्धचंद्र चढवून केलेला. डोळ्यांना दोन्ही सारखे. संगणकाला ते दोन वेगळे टॅग. ‘पाककृती’ लिहायचं की ‘रेसिपी’, एकवचन की अनेकवचन, दोन शब्दांमध्ये रेघ की जागा, हेही एकदाच ठरवून पाळावं. शुद्धलेखनाच्या वादात पडायची गरज नाही. गटानं एक रूप धरलं की झालं.

पुस्तकाचा पहिला भाग एकट्यानं संग्रह कसा उभारावा याबद्दल आहे: सेवा कशी निवडावी, टॅग किती असावेत, टिपण कसं लिहावं, वर्षातून एकदा झाडलोट कशी करावी. दुसरा भाग गटासाठी आहे: शाळा, अभ्यासमंडळ, भाषांतरकारांचा किंवा गिर्यारोहकांचा चमू. तिसऱ्या भागात काय उघडं ठेवू नये याची चर्चा आहे आणि ती वगळून पुढे जाऊ नये, अशी विनंती. आपण ठेवलेल्या लिंका आपल्याबद्दल बरंच सांगतात. घरातल्या आजारपणाचा शोध, नोकरी बदलायचा विचार, कोर्टातलं प्रकरण यांच्या लिंका चारचौघांत ठेवायच्या नसतात. बहुतेक सेवांमध्ये नोंद खासगी करायची खूण असते; ती वापरायला शिकणं हा या सवयीचाच भाग आहे.

त्याच भागात श्रेयाबद्दलही लिहिलं आहे. लिंक ज्याच्यामुळे मिळाली त्याचं नाव टिपणात लिहावं. चांगलं शोधून काढायलाही वेळ, वाचन आणि नजर लागते. ते श्रम लेखनाइतके दिसत नाहीत, म्हणून त्यांची नोंद मुद्दाम ठेवावी लागते. शोधणाऱ्याचं नाव राहिलं की वाचणाऱ्याला त्याच्या बाकीच्या संग्रहापर्यंतही जाता येतं.

आता यंत्रं विचारलेल्या प्रश्नाची तयार उत्तरं देतात, मग हाताने लिंका कशाला ठेवायच्या, असं कोणी विचारेल. उत्तर मिळणं आणि एखाद्या माणसाची निवड मिळणं यांत मला मोठं अंतर दिसतं. तीस वर्षं लोकगीतं गोळा करणाऱ्या बाईंनी चाळीसच ध्वनिमुद्रणं निवडून ठेवली असतील, तर त्या निवडीत त्यांची तीस वर्षं असतात. आपल्याला विचारायचं सुचलंही नसतं, ते अशा संग्रहात भेटतं.

माझी एक सूचना ग्रंथपालांना आहे. महाराष्ट्रात शासनमान्य सार्वजनिक ग्रंथालयांची संख्या दहा हजारांच्या वर आहे. प्रत्येकानं आपल्या तालुक्यापुरता एक खुला संग्रह सुरू करावा. जिल्हा गॅझेटियरमधली आपल्या भागाची पानं, आपल्याकडच्या लेखकांची स्कॅन झालेली पुस्तकं, जवळच्या किल्ल्यांवरचे आणि लेण्यांवरचे चांगले लेख, परिसरातल्या बोलीची ध्वनिमुद्रणं, एवढ्यापासून आरंभ होऊ शकतो. आठवड्याला पाच नोंदी केल्या तरी वर्षाला अडीचशे होतात. खर्च जवळजवळ नाही. लागतो तो वाचणारा, निवडणारा आणि नाव घालून लिहून ठेवणारा माणूस, आणि असा माणूस बहुतेक ग्रंथालयांत आजही टेबलामागे बसलेला आहे. त्याच्या कामाला हा एक विभाग जोडला गेला, तर गावाबाहेर शिकायला गेलेल्या मुलांनाही आपल्या ग्रंथालयाचा उपयोग होत राहील. हे पुस्तक अशा ग्रंथपालांच्या हाती पडावं आणि पहिली नोंद त्याच दिवशी व्हावी, यासाठी ते लिहिलं आहे.